डाव्या हाताची शिवण

ता. १७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. इकडे सगळं ठीक. म्हणजे माझे गुडघे आणि ह्यांचे कान सोडले तर घरातली बाकी मंडळी तक्रार करत नाहीत, आणि बाकी मंडळी म्हणजे एक मांजर. तुझ्या जिन्याचं वाचून वाईट वाटलं. तिसऱ्या मजल्यावर घर घेऊ नकोस असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण धाकटीचं ऐकलं तर थोरलीचं थोरलेपण जातं ना!

बातम्या अशा. समोरच्या पाववाल्याने दुकानाला निळा रंग दिलाय, सकाळी सकाळी डोळ्यांत खुपतो. शाळेची चोरीला गेलेली घंटा सापडली. कुणाच्या तरी माळ्यावर होती म्हणे, आता कुणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. आणि बाबांचं बुटांचं दुकान भाड्याने मागायला एक केस कापणारी आली होती. पोरगी चुणचुणीत आहे. तिला आरशांसाठी उजेडाची भिंत हवी, म्हणजे नेमकी आपली फर्म्यांची भिंत. मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून रोज किल्ली घेऊन खाली जाते, फळ्यांसमोर उभी राहते आणि एकही वस्तू न आवरता वर येते.

परका माणूस म्हणेल, लाकडंच तर आहेत, द्या टाकून. पण गावातली निम्मी पावलं तिथे आहेत, ताई. ज्याचं माप बाबांनी एकदा घेतलं त्याच्या पावलाचा लाकडी फर्मा फळीवर गेला तो गेलाच. पुढे त्या माणसाचा पाय सुजला, हाड वाढलं, की बाबा त्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवून फर्माही तेवढाच फुगवायचे. डॉक्टरीणबाईंच्या फर्म्यावर आता लाकूड कमी आणि कातडं जास्त आहे. हेडमास्तर जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांचे पाय मात्र दुसऱ्या फळीवर ताठ उभे आहेत, त्यांच्यासारखेच.

हे सगळं तुला ठाऊक असलेलं पुन्हा लिहितेय, कारण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपाशी मला यायचं नाही. चार दिवस टाळतेय. काल हे म्हणाले, "उत्तर लिहिलंस का?"

मी म्हटलं, "गुडघे दुखतायत."

"पत्र काय गुडघ्यांनी लिहितेस?" बहिऱ्या माणसाला असलं मात्र बरोबर ऐकू येतं.

तर तुझी ती ओळ. तू इकडून आलेले तपकिरी बूट तळ बदलायला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याकडे दिलेस. त्याने शिवण उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बाई, हे ज्याने शिवलेत तो डावखुरा आहे. हात मात्र चांगला आहे." आणि खाली तू लिहिलंयस, "बाबांचा हात डावा कधी झाला गं?"

आधी एक कबूल करते. 'हात मात्र चांगला आहे' हे वाक्य मी तीनदा वाचलं. लाज सोडून वाचलं. त्यानंतर तुझा प्रश्न वाचला आणि पत्राची घडी घालून ठेवली.

डावा हात कुणाचा आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार! आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू बारा. माझ्या वेण्या तू घालायचीस, इतक्या करकचून की भुवया वर ओढल्या जायच्या. मी दुकानात बसून कातड्याला भोकं पाडायची आरी चालवायला शिकत होते. बाबा म्हणायचे की आरी, रापी, पाट, सगळं उजव्या हाताचं असतं. डावरी पोर यात निभणार नाही, लोक हसतील. म्हणून ते माझं डावं मनगट कातड्याच्या पट्टीने स्टुलाच्या पायाला बांधून ठेवायचे. मारलं कधी नाही. बांधायचे, तेही हलक्या हाताने, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागायचं. ते दुपारी वर जेवायला गेले की तू येऊन पट्टी सोडायचीस, रद्दी कातड्याचा तुकडा पुढ्यात टाकायचीस आणि म्हणायचीस, "शीव डाव्याने. फक्त टाका बारीक घाल. बारीक टाका असला की कुणाला काही कळत नाही."

बाबांची पावलं जिन्यात वाजली की पुन्हा पट्टी बांधायचीस. तुझी गाठ मात्र त्यांच्यापेक्षा सैल असायची.

ताई, मी बारीक टाका घातला. एकोणतीस वर्षं कुणाला काही कळलं नाही.

बूट मी शिवले. सगळे. एकोणतीसच्या एकोणतीस जोड.

१८ ऑक्टोबर

काल इथपर्यंत लिहिलं आणि उठून बटाटे सोलले. चांगले दोन किलो सोलले. दोन माणसांच्या घरात. आता आठवडाभर आम्ही काय खाणार ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला आणि मलाही नीट कळेल.

तू कारखान्यात गेलीस याचा बाबांना राग आला होता, पण तो तेवढ्यापुरता. "यंत्रं बूट करतात तिथे माणसांना काय काम?" एवढंच म्हणत. राग धरला तो दोन वर्षांनी. चौकातल्या नव्या दुकानाच्या काचेत त्यांनी स्वतःचा बूट पाहिला. एका पट्ट्याचा, बायकांचा, टाचेकडे जरासा वळलेला. तो त्यांचा होता हे आंधळ्यानेही हात लावून सांगितलं असतं. एका रांगेत तसले चौदा जोड. तू नोकरी मागायला जाताना त्यांचे खाकी कागदाचे नमुने घेऊन गेली होतीस ना? 'नुसते दाखवायला नेले, त्यांनी ठेवून घेतले, मला नाही म्हणता आलं नाही,' असं तू मला नंतर लिहिलंस. मला ते पटतं. चोविसाव्या वर्षी मलाही नाही म्हणता आलं नसतं. पण बाबा त्या काचेसमोरून आले, फळीवरून तुझ्या पायांचे फर्मे काढले आणि शेगडीच्या सरपणाच्या खोक्यात टाकले. "हिचं पाऊल या घरात नको," म्हणाले. त्यानंतर जेवले. व्यवस्थित जेवले. तेच मला भयंकर वाटलं.

फर्मे मी खोक्यातून काढले आणि माझ्या पलंगाखाली ठेवले. दोन वर्षं तिथेच होते.

आता तू म्हणशील, माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या प्रेमापोटी बूट शिवले. तसं समज, मला चालेल. पण खरं निराळं आहे. बाबा मला पूर्ण बूट कधी करू देत नसत. शिवणाच्या यंत्रावर वरचा भाग मी शिवायचा, पॉलिश मी करायचं, गिऱ्हाइकाशी गोड मी बोलायचं. पण फर्म्यावर कातडं ताणून तळ हाताने शिवायचा, ते काम त्यांचं. मला एक तरी जोड पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहायचा होता. गावात मी कुणासाठी करणार? दुसऱ्या दिवशी बाबांच्या कानावर गेलं असतं. तुझे फर्मे माझ्याकडे होते आणि तू लांब होतीस. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला त्या वेळी बरीच सुचली. दर गुरुवारी बाबा कातडं आणायला बाहेरगावी जायचे. गुरुवारी गुरुवारी करून अडीच महिन्यांत तो काळा जोड झाला. डावा बूट किंचित तिरका होता, आठवतो?

पार्सलात मी चिठ्ठी घातली नाही. काय लिहावं सुचेना. पोस्टाच्या खिडकीत तेव्हा नवीन कारकून आला होता. वजन करताना म्हणाला, "आत काय आहे?" मी म्हटलं, "बूट." तो म्हणाला, "कुणी केलेत?" आणि मी, जन्मात पहिल्यांदा, म्हटलं, "मी." तो माणूस एवढा चकित झाला की त्याने तिकिटं उलटी चिकटवली. पुढे पार्सलं तोलता तोलता त्याने मलाही जोखलं, हे तुला ठाऊक आहेच. एवढं मात्र ठाऊक नसेल, की लग्नाआधी मी त्यांना एकच अट घातली होती: बुटांचं कुणाला सांगायचं नाही. त्यांनी पाळली. अजून पाळतायत. परवा तुझं पत्र मीच त्यांना दाखवलं, तर म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला एक पत्र टाक. जाणकार दिसतो."

तुझं त्या वेळचं उत्तर माझ्याकडे आहे. 'बाबांनी बूट पाठवले! रडत रडत घातले, आणि बाजारापर्यंत उगाच चालत जाऊन आले.' मी तुझ्याशी खोटं बोलले नव्हते, ताई. तू स्वतःच तसं समजलीस आणि मी ते खोडलं नाही. एक ओळ लिहायची होती. दरवर्षी ती ओळ जड जड होत गेली.

आणि त्या एका न लिहिलेल्या ओळीपायी बाकीचं सगळं आलं. तू दरवर्षी विचारायचीस, 'येऊ का गं?' मी दरवर्षी लिहायचे, 'जरा थांब. बूट पाठवतात, पण समोर आलीस तर बिथरतील. थेट पत्रही घालू नकोस, मलाच लिही.' तू येऊन बाबांपुढे उभी राहिलीस आणि 'बुटांबद्दल' म्हणून तोंड उघडलंस, तर काय होईल या भीतीने मी तुला लांब ठेवलं. पहिली काही वर्षं खरंच भीतीच होती. ते तुझं नावही घेत नव्हते.

मार्चमध्ये ते गेल्यावर तू आलीस. दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणालीस, "रागावले होते माझ्यावर, पण दरवर्षी बूट पाठवायला चुकले नाहीत." पाववाल्याची बायको रडली. मी तुझ्या शेजारीच उभी होते. माझा डावा हात मी कोटाच्या खिशात घातला. आठवतंय मला ते, कारण खिशाला भोक होतं.

आता राहिलेलं सांगते. हे लिहायचं नव्हतं म्हणूनच बटाटे सोलले.

सात वर्षांपूर्वी तू लिहिलंस की उजव्या अंगठ्यापाशी हाड वाढलंय आणि बूट तिथे चावतो. तुझी पत्रं मी दुकानातच दोऱ्याच्या डब्यात तळाशी ठेवायचे. फर्मेही तोवर खाली आणले होते, मोठ्या पाटाच्या मागे पोत्यात. त्या गुरुवारी म्हटलं, आता अंगठ्यापाशी तुकडा लावून फर्मा फुगवू. पोतं सोडलं. तुकडा आधीच लावलेला होता.

मी बोट फिरवून पाहिलं. तुकडा बरोबर त्याच जागी होता. कडा इतक्या पातळ तासलेल्या की कातडं कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बोटाला कळेना. असं तासणारा हात या गावात एकच होता. पोत्याची गाठ माझी नव्हती आणि डब्यातली पत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती. मी कधी तशी लावत नाही.

पाटावर माझी कातडं तासायची रापी होती. रापीची धार एकाच अंगाने लावलेली असते हे तुला माहीत आहे. आपल्या घरातल्या सगळ्या राप्या उजव्या हाताच्या. मी आयुष्यभर मनगट वाकडं करून त्यांच्याशी जुळवून घेतलं. त्या दिवशी माझ्या रापीची धार दुसऱ्या अंगाने लावलेली होती. डाव्या हातासाठी. नव्याने, तीन दगडांवरून उतरवून, केस कापेल अशी.

बाबा संध्याकाळी आले. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यापासून पाटाच्या कोपऱ्यात चांगल्या कातड्याचा एक तुकडा पडलेला असायचा, बायकांच्या जोडापुरता. "हे उरलंय, बघ कशाला लागतं का," म्हणायचे. उरलेलं कसलं! कातड्याच्या मधोमध कापलेलं असायचं ते.

म्हणजे तुला माफ केलं होतं, ताई. सात वर्षांपूर्वीच. कदाचित त्याही आधी. तुझी सगळी पत्रं वाचली होती त्यांनी, नमुन्यांबद्दल तू लिहिलंस ते पत्रसुद्धा.

आणि त्या वर्षीही मी तुला लिहिलं, 'जरा थांब.'

का, ते सांगते. माझ्या डाव्या हाताला बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काही दिलं होतं. तू आली असतीस तर त्यांची थोरली परत आली असती, कागदावर रेघ मारली की त्यातून बूट काढणारी. मी पुन्हा पॉलिशवाली झाले असते. मला ते वाटून घ्यायचं नव्हतं. पट्टी सोडणारी तूच होतीस, आणि तुझ्याशीच मी असं वागले.

अजून एक आहे, मग संपलं. दोन वर्षांपूर्वी, खिळे ठोकता ठोकता, मान वर न करता ते म्हणाले, "पाय मोजायला यायला हवं तिने. अंदाजाने किती दिवस चालवायचं?"

तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "तिला सुट्टी मिळत नाही."

ते म्हणाले, "हं. कारखाना म्हणजे कारखानाच." आणि पुढचा खिळा घेतला. त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या महिन्यातलं तुझं पत्र मी कालच काढून पाहिलं. त्यात लिहिलंयस, 'निवृत्त झाले, आता सुट्टीच सुट्टी आहे, येऊ का?'

यावर माझ्याकडे काही सारवासारव नाही. चूक झाली असं लिहायला घेतलं आणि खोडलं, कारण चूक म्हणजे टाका सुटणं. हे मी ठरवून केलं. क्षमा मागते असंही लिहीन, पण ते तुझ्यासमोर म्हणायला हवं, आणि तू समोर येशील की नाही ते मला माहीत नाही. तू आयुष्यभर आली नाहीस तरी मी तोंड उघडणार नाही.

या वेळी पार्सलात बूट नाहीत. तुझे फर्मे पाठवतेय. हे उद्या पोस्टात नेणार आहेत. निवृत्त झाले तरी वजन घरी आधी स्वतः करून बघतात. तू कागदवाली खरी, पण बाबांची मुलगी आहेस, तुला मी काही समजावून सांगायला नको. खिडकीशी उजेडात बस आणि बोट फिरव. टाचेवरचा आणि करंगळीपाशी असलेला तुकडा माझा आहे, कडा जरा जाड आहेत. उजव्या अंगठ्यापाशी एकावर एक तीन थर आहेत, ते बाबांचे. तू जसजसं लिहीत गेलीस तसतसे लावलेत. सर्वांत वरचा थर गेल्या जानेवारीतला, हात कापत होता तेव्हाचा, तरी कड बघ कशी आहे. तुला त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही असं तू म्हणतेस ना, तर हे त्यांचं पत्र. पत्ता तुझाच होता, मी सात वर्षं अडवून ठेवलं.

केस कापणाऱ्या पोरीला मी कळवतेय की भिंत मिळेल, पण एक फळी माझी राहील. फळीवर एक जागा रिकामी ठेवलीय. फर्मे तुझे आहेत, ठेवून घे, जाळ, काय वाटेल ते कर. पण कधी वाटलंच तर ते घेऊन ये. तीस वर्षांत तुझा पाय कुणी मोजलेला नाही, सगळा अंदाजच चालला आहे.

स्टूल तेच आहे. खाली पायाशी पट्टीचा घासलेला व्रण अजून दिसतो.

तू सैल बांधायचीस तीच,

तुझी डावरी